गंजलेली एमजीबी पूर्ण उघडून पुन्हा उभी कशी करावी

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची असं ठरलं की बहुतेकांचा शोध एमजीबीपाशी येऊन थांबतो. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या मॉडेलच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, मेस्त्रीला बघताक्षणी कळेल इतकं साधं. या गाडीचा घात करतो तो गंज. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चिखलाबरोबर पत्र्याच्या खाचांत शिरतं आणि ओलावा धरून बसतं.

एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासीचं काम करते. दारांखाली पुढून मागे जाणारा जो पेटीसारखा पोकळ भाग असतो, म्हणजे सिल, त्यावर गाडीचा कणा उभा आहे. उघड्या टपाच्या रोडस्टरमध्ये तर छतही मदतीला नाही. म्हणून या गाडीचं काम म्हणजे मुख्यतः पत्र्याचं काम. इंजिन आधी चकाचक करून कोपऱ्यात ठेवणारे पुष्कळ भेटतात. मग बॉडीवर दोन वर्षं जातात आणि इंजिन पुन्हा जाम होतं. तेव्हा क्रम उलटा ठेवा.

आधी टोचून पाहा

कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या. जिथे चुंबक धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समजा. मात्र सुरुवातीच्या गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक धरणारच नाही. मग या जागा तपासा: सिलचा खालचा काठ, पुढच्या मडगार्डचा दारालगतचा खालचा कोपरा, मागच्या मडगार्डचा दाराकडचा खालचा भाग, पाय ठेवण्याची जमीन, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे आधार आणि सीटमागचे बॅटरीचे खड्डे. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसायच्या. ॲसिड सांडून ते खड्डे हमखास सडलेले सापडतात.

आता दार उघडा आणि बंद करा. मग जॅक लावून एक बाजू जरा उचला आणि पुन्हा तेच करा. दार अडकायला लागलं किंवा वरची फट कमी झाली, तर सिल आतून संपली आहे. बाहेरून ती कितीही गुळगुळीत दिसो. जुन्या सडक्या सिलवर नवीन पत्र्याचं झाकण वेल्ड करून गाडी विकणं हा इंग्लंडमधला जुना धंदा आहे.

दोन्ही सिल, जमीन, पाट्यांचे आधार आणि पुढची भिंत असं सगळंच गेलं असेल तर थांबून हिशेब करा. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची नवी कोरी बॉडी बनवते. किंमत ऐकून पोटात गोळा येतो. पण चांगल्या वेल्डरच्या शेकडो तासांची मजुरी धरली तर आकडे बरेच जवळ येतात. स्वतः वेल्डिंग करणार असाल तर मात्र जुनीच बॉडी वाचवा.

उघडताना

बॅटरी सर्वांत आधी काढा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॉडीला जोडलेली तार निगेटिव्ह नसून पॉझिटिव्ह असते. ते ध्यानात ठेवून खूण करा. त्यानंतर पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवा आणि शेडबाहेर ठेवा. डिकीखाली टांगलेल्या या टाकीच्या माथ्यावर चिखल साचतो, त्यामुळे ती वरून सडते आणि खालून पाहणाऱ्याला चांगली दिसते. रिकामी टाकीसुद्धा वाफेने भरलेली असते, तिला वेल्डिंग लावू नका. नवी घ्या.

पाने इंची लागतात. आपल्याकडचे जुने फिटर ज्यांना साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत म्हणतात, ते. १३ एमएमचा पाना चार सुताच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण थोडा सैल असतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. न सुटणाऱ्या बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा. मग थोडं घट्ट, थोडं सैल असं हलवत सोडवा. त्यानेही नाही झालं तर गॅसची ज्योत द्या, मात्र जवळपास ब्रेकची नळी, रबर किंवा पेट्रोलची लाइन नाही हे बघून. तारांच्या चाकांच्या मधल्या मोठ्या नटांचे आटे डाव्या-उजव्या बाजूला उलटे असतात. सुटण्याची दिशा नटावर कोरलेली असते, ती वाचा. नट कोणत्या बाजूचा हे खडूने नाही, रंगाने लिहा.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या, एक जवळून आणि एक लांबून. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ‘पुढचं उजवं मडगार्ड, वरचे’ असं स्पष्ट लिहिलेलं. ‘मडगार्ड बोल्ट’ एवढ्यावर भागत नाही. पुढची मडगार्डं बोल्टवर असतात, पण त्यातले काही बोल्ट आतून, डॅशबोर्डच्या टोकामागून सुटतात. ते न शोधता मडगार्ड ओढलं की पत्रा दुमडतो. मागची मडगार्डं वेल्ड केलेली आहेत, ती उगाच छेडू नका. तुटलेला, सडलेला, टाकाऊ भागसुद्धा काम संपेपर्यंत फेकू नका. नवा भाग मूळ मापाचा आहे का हे त्याच्यावरच ठरतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढा. वेगवेगळे काढता येतात, पण परत जोडताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटमध्ये बसवता बसवता कमरेचा काटा ढिला होतो. चेन ब्लॉक भरपूर क्षमतेचा घ्या. तो घराच्या लाकडी वाशाला टांगू नका.

सिल: इथे घाई नको

सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरची सिल, मधली उभी पट्टी, आतली सिल आणि तळाशी किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेली आडवी पट्टी असे थर एकमेकांना चिकटलेले असतात. या खाचांतून पाणी बाहेर पडावं अशी मूळ योजना आहे. खाचा चिखलाने बुजल्या की पाणी आतच राहतं. म्हणून बाहेरची सिल कापल्याशिवाय आतलं खरं चित्र दिसत नाही. तिची पुढची आणि मागची टोकं मडगार्डांच्या आड गेलेली असतात. पुढचं मडगार्ड काढावं लागतं आणि मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. जो मेस्त्री ‘मडगार्ड न काढता सिल बदलून देतो’ म्हणतो, तो झाकणच लावणार आहे.

कापण्याआधी बॉडीला आधार द्या. चौकोनी लोखंडी नळी दाराच्या बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लावा. रोडस्टरला दोन्ही बाजूंना लावा, शिवाय एक आडवी. नळी बोल्टने किंवा छोट्या टाक्यांनी अशी बसवा की दार लावून पाहता येईल. गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा. घोड्या मागच्या आसाखाली आणि पुढच्या आडव्या बीमखाली हव्यात, म्हणजे वजन नेहमीच्या जागीच पडेल. घोड्या सिलखाली लावून सिल कापायला घेणारेही असतात. अशा गाड्या मधून वाकतात आणि नंतर दार कधीच नीट लागत नाही.

नियम एकच: एका वेळी एकच बाजू. पहिली बाजू पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्यावरच दुसरीला हात लावा. आधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवा.

जुने स्पॉट वेल्ड, म्हणजे कारखान्यातले ठिपक्यांसारखे जोड, ८ एमएमच्या स्पॉट-वेल्ड कटरने फक्त वरच्या थरापर्यंत कापा आणि पातळ छिन्नीने पत्रा सोडवा. आतली सिल आणि मधली पट्टी चांगली असेल तर ती ठेवा. खपल्या सुटत असतील तर निर्दयपणे कापा. चकचकीत धातू लागेपर्यंत मागे या. गंजक्या पत्र्याला वेल्ड लावला की तो भोक पाडतो आणि त्या भोकामागे धावण्यात दिवस जातो.

नवा पत्रा बसवताना जुन्या स्पॉटच्या जागी ६ ते ८ एमएमची भोकं पाडा. दोन्ही थरांच्या आत झिंकचा वेल्डिंगचा प्राइमर लावा, पक्कडी लावा आणि भोकं मिग वेल्डिंगने भरा. ०.६ एमएमची तार, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा गॅस. सलग शिवण ओढू नका. तापलेला पत्रा पसरतो, थंड होताना आकसतो आणि वाकतो. दोन-अडीच सेंटीमीटरवर टाके मारा. एक इथे, पुढचा दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. सगळे टाके पडल्यावर दार लावून फटी मोजा. पटल्या तरच उरलेली भोकं भरा. जमिनीचा पत्रा आणि मडगार्डाचा तुकडा त्यानंतर.

वेल्डिंगचा पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा आणि हातमोजे तर हवेतच, पण झिंकचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका. दारं उघडी ठेवा, मास्क लावा. कारखान्यात सांधे भरायला शिसं वापरलेलं असतं. ते ग्राइंडरने उडवू नका, उष्णता देऊन खरवडा. पाण्याची बादली आणि आग विझवणारा सिलिंडर हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास शेड सोडू नका, गालिचाखालची ठिणगी उशिरा पेटते.

सुट्या भागांचा गंज

कंस, बिजागऱ्या, बॅटरीच्या पट्ट्या असल्या लहान भागांसाठी विजेची पद्धत स्वस्त आणि सोपी. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा. गंजका भाग १२ व्होल्टच्या चार्जरच्या निगेटिव्हला, आणि एक टाकाऊ लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. स्टेनलेसची पट्टी कधीही वापरू नका, तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघतो, त्यामुळे टब उघड्यावर ठेवा आणि आसपास विडी-सिगारेट नको. कमानी आणि मजबूत पोलादाचे बोल्ट या टबात घालू नका, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात. त्यांना तारेचा ब्रश बरा.

बोनेट, दारं, मडगार्डं अशा मोठ्या सपाट भागांवर जोरात वाळूचा मारा करून घेऊ नका, पत्रा लाटेसारखा होतो. रंग काढण्याचं रसायन आणि हाताने घासलेला पॉलिश पेपर, वेळखाऊ पण भरवशाचा मार्ग. पूर्ण बॉडी ॲसिडच्या टाकीत बुडवून देणारेही आहेत. पण सांध्यात राहिलेलं ॲसिड नीट धुवून मारलं नाही तर वर्षभरात रंगाखालून फोड येतात.

रंग आणि आतलं मेण

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका, विशेषतः दमट हवेत. त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर, त्यावर पातळ लांबी. लांबी दोन-तीन एमएमपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा नीट ठोकलेला नाही. सांध्यांवर सीलर, मग सरफेसर, मग रंग. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या, हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम पेंट बूथवाल्याला द्या. इथे पैसे वाचवू नयेत.

रंग वाळल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारा, तळाच्या खाचांतून थेंब गळेपर्यंत. खाचा बुजू देऊ नका.

यंत्राचा भाग

बराच काळ बंद असलेलं इंजिन स्टार्टरने फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल घाला, काही दिवस थांबा, मग हाताने फिरवा. फिरलं, आणि सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) ठीक निघाला, तर उगाच उघडू नका. वाल्वची फट थंड इंजिनवर ०.०१५ इंच, तेल २०डब्ल्यू-५०. गरम इंजिनवर, चालत्या गाडीत तेलाचा दाब ५० ते ८० पौंडांच्या दरम्यान दिसायला हवा. मूळ वाल्वसीट शिसेवाल्या पेट्रोलच्या काळातल्या आहेत. हेड उतरवलंच असेल तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्या.

ब्रेकमध्ये काटकसर नको: मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या सगळं नवं, आणि पोलादी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या. जुन्या ब्रेक-शू आणि क्लचप्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. भारतात तर इथेनॉल त्याहून जास्त मिसळतात.

कागद

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ होऊ शकतो. गेल्या ३० वर्षांत मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. तरी वेल्डिंग झाल्यावर एकदा ती स्वतःहून करून घ्या, परक्या डोळ्यांना टाक्यांतली चूक दिसते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. एमजीबी आपल्याकडे विरळाच. कुर्ल्यात बनलेल्या फियाट-पद्मिनीचा मात्र दाराखालचा पत्रा असाच आतून सडतो, आणि आधार, एक बाजू, टाके, फटी हाच क्रम तिलाही लागू पडतो.

पहिल्या ५०० मैलांनंतर तेल बदला, वाल्वच्या फटी पुन्हा बघा, पाट्यांचे नट आणि चाकांचे नट पाना लावून तपासा. पहिला जोरदार पाऊस झाल्यावर सिलखाली हात घालून खाचांतून पाणी निघतं आहे ना हे पाहा. कोरड्या असतील तर तार घालून मोकळ्या करा.