गव्हाशिवाय ब्रेड आणि केक: आधी गिरणी, मग ओव्हन

गव्हाशिवाय ब्रेड करायचं ठरलं की बहुतेकजण आधी ओव्हनची चौकशी करतात. खरं तर आधी विचार करायचा तो गिरणीचा. नाशकातल्या कुठल्याही कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर सर्वांत जास्त दळला जातो तो गहू. त्याच्यामागून आपली ज्वारी पडली की जात्यात आणि कापडी नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ आपल्या डब्यात येतं. हौस म्हणून किंवा बदल म्हणून ग्लुटेन (गव्हा-जवातलं चिकट प्रथिन) टाळून, म्हणजे ग्लुटेन फ्री खाणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. घरात सिलिअ‍ॅकचा पेशंट, म्हणजे ग्लुटेनने ज्याच्या आतड्याला इजा होते असा माणूस, असेल तर मात्र पडतो. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार 'ग्लुटेन फ्री' म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ पडलं तरी हद्द ओलांडली. 'आधी तांदूळ दळून घ्या, मग माझं घ्या' असं गिरणीवाल्याला सांगून हा हिशोब जुळत नाही.

त्यावर तीन उपाय आहेत. घरघंटी असेल तर तिच्यात गहू कधीच घालायचा नाही. इतकी वर्षं घातला असेल तर तीही बादच धरा. दुसरा उपाय मिक्सरचा. तांदूळ धुऊन, कापडावर वाळवून, दळून बारीक चाळणीने चाळला की काम होतं. ज्वारी आणि नागलीला (नाचणीला) वेळ लागतो, पण थोडी थोडी घेतली तर जमते. तिसरा, ग्लुटेन फ्री असं स्पष्ट छापलेलं पाकीट. दळायच्या आधी धान्य ताटात पसरून निवडा. ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे चुकार दाणे हमखास सापडतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सिलिअ‍ॅकची नुसती शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात आणि तपासणी खोटा दिलासा देते. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध लक्षात आणून दिला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा त्याच्याकडे उपचार घेणारी आजारी मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला.

पिशवीत काय घ्यायचं

ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, मका, बेसन, साबुदाणा, हे सगळं चालतं. उपवासाचा डबा म्हणजे अर्धं ग्लुटेन फ्री सामान घरात आहेच. नागलीसाठी तर नाशिककरांना लांब जायला नको. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरपट्ट्यातली नागली शहरात सहज मिळते.

फसवणारी नावं वेगळीच आहेत. खपली गहू हा गहूच आहे; 'जुना वाण, पचायला हलका' म्हणून कितीही खपवला तरी त्यात ग्लुटेन असतं. रवा, लापशी, शेवया गव्हाच्या. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू पडतोच. मल्टीग्रेनमध्ये पहिला ग्रेन बहुधा गहूच असतो. डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, मॉल्ट म्हणजे जव. ओट्समध्ये मुळात गहू नसतो, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हाच्या शेजारीच असतात, म्हणून पाकिटावर ग्लुटेन फ्री छापलेलं नसेल तर सोडून द्या.

चाळण, लाकडी पोळपाट-लाटणं आणि टोस्टर वेगळा ठेवा. पितळी-स्टीलची भांडी घासून निघतात, चाळणीची जाळी निघत नाही.

ग्लुटेनचं काम कोणाला द्यायचं

यीस्टमुळे पिठात वायूचे बुडबुडे तयार होतात. गव्हात ते धरून ठेवतं ग्लुटेन. ते नसलं की बुडबुडे फुटतात आणि ब्रेडची वीट होते. दुकानात यावर झँथन गम, म्हणजे पीठ बांधून ठेवणारी पावडर, मिळतो. तो चालतो, पण मला ब्रेडसाठी त्याची गरज वाटत नाही, कारण दोन गोष्टी आपल्या हाताशी आहेत.

पहिली उकड. ज्याने मोदक केले आहेत किंवा विरी गेलेल्या, म्हणजे चिकटपणा हरवलेल्या पिठाची भाकरी गरम पाण्याने सावरली आहे, त्याला हे शिकवायला नको. पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि चिकट होतो. थोड्या पिठाची पातळ उकड काढून बाकीच्या पिठात मिसळली की ते बांधलं जातं आणि ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

दुसरी इसबगोल. मेडिकलमध्ये मिळते ती साधी भुशी घ्या, संत्र्याच्या चवीची, साखर घातलेली नको. पाण्यात भिजली की तिची जेली होते आणि तीच जेली बुडबुडे धरते. काही कंपन्यांच्या इसबगोलने ब्रेडला जांभळट छटा येते. दिसायला विचित्र, खायला काही नाही.

ज्वारीचं पीठ आठवड्याच्या आतलं असावं. बाजरीचं तर त्याहून ताजं, कारण ते लवकर खवट होतं आणि भाजल्यावर तो कडवटपणा लपत नाही.

ज्वारी-तांदळाचा ब्रेड

आठ बाय चार इंचाच्या टिनसाठी. इथे वाटी-चमच्याचं माप नको, वजनकाटा घ्या. वाटीभर नागली आणि वाटीभर साबुदाणा पीठ यांच्या वजनात बराच फरक असतो.

ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं पीठ १०० ग्रॅम, साबुदाणा मिक्सरमधून काढून चाळलेलं पीठ १०० ग्रॅम, इसबगोल २० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, व्हिनेगर एक छोटा चमचा, पाणी ४०० मिलिलिटर.

१. तांदळाच्या पिठातलं ३० ग्रॅम पीठ १५० मिलिलिटर थंड पाण्यात कालवा. गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर सतत ढवळत ठेवा. दोन-तीन मिनिटांत ते एकदम दाटतं आणि ढवळताना पातेल्याचा तळ दिसायला लागतो. तिथेच उतरवा. कोमट होऊ द्या. गरम उकड यीस्टला मारते.

२. उरलेलं २५० मिलिलिटर पाणी कोमट करा, बोट सुखाने बुडेल इतपतच. त्यात इसबगोल भुरभुरत घाला आणि लगेच ढवळा. एकदम ओतली तर बाहेरून जेली आणि आत कोरडी भुशी अशा गाठी होतात. पाच मिनिटं ठेवा.

३. बाकीची पिठं, यीस्ट, साखर, मीठ एकत्र चाळा. त्यात जेली, उकड, तेल आणि व्हिनेगर घाला आणि हाताने पाच मिनिटं चांगलं मळा. उकडीच्या पांढऱ्या रेषा दिसेनाशा झाल्या पाहिजेत. हे पीठ कणकेसारखं कधीच होणार नाही, थालीपिठाच्या पिठापेक्षा जरा सैल आणि चिकट राहील. चिकटतंय म्हणून कोरडं पीठ घालायचा मोह आवरा. ब्रेड कोरडा आणि भुसभुशीत होण्याचं हे पहिलं कारण.

४. टिनला तेल लावून खाली बटर पेपर घाला. हात पाण्यात बुडवून पिठाचा लांबट गोळा करा, टिनमध्ये ठेवा, ओल्या हाताने वरून गुळगुळीत करा. या ब्रेडला एकदाच फुगवायचं. गव्हासारखं पुन्हा दाबून, पुन्हा फुगवून काही मिळत नाही, उलट धरलेली हवा जाते.

५. ओला फडका झाकून ठेवा. दीडपट झालं की बास, दुप्पट होण्याची वाट पाहिली तर ओव्हनमध्ये मध्यभागी खड्डा पडतो. किती वेळ लागेल हे नाशकात महिन्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात काम होतं. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा, दीड तासही पुरत नाही. त्या दिवसांत बंद ओव्हनमध्ये टिन ठेवा आणि शेजारी वाफाळत्या पाण्याचं पातेलं.

६. टिन बाहेर काढून ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर वरखालच्या दोन्ही कॉइल चालू आणि टिन मधल्याच्या खालच्या रॅकवर. ५५ ते ६० मिनिटं भाजा. पस्तीस मिनिटांनंतर वरचा भाग जास्त लाल व्हायला लागला तर वर फॉइल टाका. गव्हाचा ब्रेड तेवढ्यात कधीच झाला असता, पण यात पाणी दुप्पट आहे, ते बाहेर पडायला वेळ लागतो. टिनमधून काढून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९६ ते ९८ अंश.

७. जाळीवर ठेवा आणि दोन तास हात लावू नका. हे सगळ्यांत अवघड कलम आहे, कारण वास घरभर पसरलेला असतो. पण आतला स्टार्च थंड होतानाच बसतो. गरम कापलात तर सुरीला लगदा लागेल आणि ब्रेड कच्चा राहिला असं वाटेल.

याच पिठाचे सहा-सात गोळे तेल लावलेल्या मफिन टिनमध्ये ठेवून २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं भाजले की पाव होतात. एकमेकांना चिकटलेली लादी मात्र नीट जमत नाही; मध्ये कच्ची राहते.

नागलीचा गुळाचा केक

केक ब्रेडपेक्षा पुष्कळ सोपा. केकला ग्लुटेन नकोच असतं, मैद्याचा केक फार फेटू नका म्हणतात ते त्यासाठीच.

सात इंचाच्या टिनसाठी १५० ग्रॅम किसलेला गूळ ८० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. दूध वापरू नका, गरम दुधात गूळ पडला की ते फाटू शकतं. पाणी गार झाल्यावर त्यात २०० ग्रॅम दही आणि ८० मिलिलिटर तेल फेटा. नागलीचं पीठ १२० ग्रॅम, तांदळाचं ५० आणि साबुदाण्याचं ३०, एक छोटा चमचा इसबगोल, चिमूटभर मीठ आणि जायफळ घालून मिसळा. आता वीस मिनिटं झाकून ठेवा. नागलीचा केक दाताखाली कचकचतो अशी तक्रार असते ती या वीस मिनिटांत मिटते, पीठ भिजतं. मग दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा सोडा घालून हलक्या हाताने ढवळा. पावडरच्या डब्यावरचे घटक वाचा. स्टार्च मक्याचा हवा. वरून साठ ग्रॅम बेदाणे, तांदळाच्या पिठात घोळवून, म्हणजे ते तळाशी बसत नाहीत. १७५ अंशांवर ४० ते ४५ मिनिटं.

नागली मुळातच काळपट, त्यामुळे रंगावरून झाला की नाही कळत नाही. सुरी घालूनच बघा. ओव्हन नसेल तर हा केक शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये, खाली मीठ पसरून, मंद आचेवर होतो. ब्रेड त्यात करू नका, वर कवच येत नाही.

ठेवायचं कसं

ब्रेड डब्यात बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात एकच. फ्रिजमध्ये ठेवला तर तांदळाचा स्टार्च कडक होतो आणि काप मोडायला लागतात, रात्रीचा भात फ्रिजमध्ये टणक होतो त्याच कारणाने. त्यापेक्षा गार झाल्यावर पूर्ण ब्रेड कापा, दोन कापांमध्ये बटर पेपर घाला आणि फ्रीझरमध्ये टाका. लागेल तेवढे काप थेट तव्यावर, थोडं तूप सोडून.