डीएनए मॅच आणि जुन्या नोंदी जोडून पूर्वज कसे शोधायचे

डीएनए टेस्टचा रिपोर्ट आला की बहुतेक जण आधी ते टक्केवारीचं रंगीत पान उघडतात, अमुक प्रदेश ४० टक्के, तमुक १५ टक्के, आणि आठवड्याभरात विसरूनही जातात. ती टक्केवारी म्हणजे कंपनीने आपल्याकडच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेला अंदाज असतो, नमुने वाढले की आकडे बदलतात, सख्ख्या भावंडांचे सुद्धा वेगळे येतात. पूर्वज शोधायचे असतील तर ते पान बाजूला ठेवा आणि मॅचेसची यादी उघडा, कारण तिथे खरी माणसं आहेत ज्यांचा आणि तुमचा कुणीतरी पूर्वज एकच आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की डीएनए तुम्हाला आकडा देतो, नाव देत नाही. नाव कागदावरच मिळतं.

टेस्ट अजून केली नसेल तर स्वतःची नंतर करा, आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा. प्रत्येक पिढीला अर्धा डीएनए गळतो, त्यामुळे आजीकडे जे आहे त्यातलं तुमच्यापर्यंत साधारण पाव आलंय, आणि तिच्या यादीत जे दूरचे मॅच दिसतील ते तुमच्या यादीत दिसतीलच असं नाही. मी माझ्या आत्याची टेस्ट दोन वर्षं "पुढच्या वेळी करू" म्हणत राहिलो आणि ती गेली. ती माहिती आता कुठूनच परत येणार नाही, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय. थुंकीचा नमुना असेल तर आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आणि वयस्कर माणसांना तोंड कोरडं पडल्यामुळे ट्यूब भरायला त्रास होतो, अशा वेळी गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेणारी कंपनी बघा, मायहेरिटेज आणि फॅमिलीट्रीडीएनए तसा घेतात.

आणि त्यांना आधी नीट सांगा. यातून कधीकधी असं काही निघतं जे घरात कुणालाच माहीत नव्हतं, वडील वेगळे निघतात, न ऐकलेलं सावत्र भावंड निघतं. ते ऐकायची तयारी आहे का हे विचारल्याशिवाय कुणाच्या हातात ट्यूब देऊ नका. डेटाचाही विचार करा. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीच्या जवळपास ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या खुनी माणसाला पोलिसांनी जीईडीमॅचसारख्या, लोक आपला डीएनए डेटा टाकतात अशा साइटवरच्या नातेवाइकांच्या मॅचवरून गाठलं. मी तरीही टेस्ट करा असंच म्हणेन, पण सेटिंग्ज वाचून.

टेस्टचे प्रकार थोडक्यात. वाय-डीएनए फक्त बापाकडून मुलाकडे जातो, मायटोकॉन्ड्रियल आईकडून सगळ्या मुलांकडे येतो पण पुढे फक्त मुलींकडून जातो. सुरुवातीला तुम्हाला हवी आहे ती ऑटोसोमल, सगळ्या बाजूंचे नातेवाईक तिच्यातच दिसतात.

आता आकडे. मॅचसमोर सेंटीमॉर्गन (सीएम) लिहिलेले असतात, म्हणजे तुमच्या दोघांत किती डीएनए सारखा आहे त्याचं माप, जितके जास्त तितकं नातं जवळचं. ब्लेन बेटिंगर यांच्या शेअर्ड सीएम प्रोजेक्टमध्ये हजारो लोकांनी दिलेल्या आकड्यांचा तक्ता आहे, तो डीएनए पेंटर या साइटवर फुकट वापरता येतो, आकडा टाकला की कोणती नाती शक्य आहेत ते दिसतं. त्यात आईवडिलांच्या भावंडांच्या मुलांशी सरासरी ८६६ आहे पण पल्ला ३९६ ते १३९७ असा मोठा. ज्यांचे पणजोबा-पणजी एक आहेत अशांचा सरासरी २२९. एक पायरी अजून मागे गेलं की ७३, आणि तिथे शून्यही असू शकतो, म्हणजे मॅच नाही आला तर नातं नाही असं होत नाही. १७५० च्या आसपास आकडा आला तर तो आजोबा, काका-मामा, सावत्र भावंड यातला कुणीही असू शकतो, आकडा सांगणार नाही, वय सांगेल. आणि साइटवर नुसतं कझिन लिहिलेलं असतं, तुम्ही मात्र प्रत्येक मॅच चुलत, आते, मामे, मावस यातला कोणत्या बाजूचा याची नोंद करत चला, पुढचा सगळा शोध त्या वाटणीवर चालतो.

वाटणी करायला डॅना लीड्स यांची रंगांची पद्धत वापरा. ९० ते ४०० सेंटीमॉर्गनमधले सगळे मॅच एका शीटमध्ये उतरवा, पहिल्या माणसाला एक रंग द्या, त्याच्या शेअर्ड मॅचमध्ये, म्हणजे तुम्हा दोघांशीही जुळणाऱ्यांत, जे जे दिसतात त्यांना तोच रंग, मग पहिला बिनरंगाचा माणूस घ्या आणि दुसरा रंग. शेवटी बऱ्याचदा चार गट पडतात, चार आजी-आजोबांचे. एका संध्याकाळचं काम आहे आणि एवढ्यानेच निम्मा गोंधळ जातो. पण ज्या समाजात पिढ्यानपिढ्या आपापसातच लग्नं झालीत तिथे रंग एकमेकांत मिसळतात आणि एकूण आकडाही फुगतो, तिथे एकूण बेरजेपेक्षा सलग जुळणारा डीएनएचा सगळ्यात लांब तुकडा किती आहे ते बघा. ७ सेंटीमॉर्गनखालचे तुकडे तर सोडूनच द्या, त्यातले बरेच खोटे असतात.

इथून पुढे लोक अडकतात, कारण चांगल्या मॅचने स्वतःची वंशावळ लावलेलीच नसते. मग ती तुम्हीच बांधायची. इंग्लंडच्या एका बाईंना मी मदत करत होतो, त्यांच्या वडिलांना २१८ चा एक मॅच होता, नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं, वंशावळ रिकामी, मेसेजला उत्तर नाही. शेअर्ड मॅचमध्ये एकाने आजी-आजोबांपर्यंत लिहिलं होतं, तेवढा धागा धरून मी त्या माणसाचे आठही पणजोबा-पणजी जनगणनेतून आणि जन्म-लग्नाच्या नोंदींतून लिहून काढले, आणि मग मागून पुढे आलो, प्रत्येक जोडप्याची सगळी मुलं, मुलींचीसुद्धा. मुली सोडू नका, आडनाव बदलतं म्हणून लोक त्यांना सोडतात आणि उत्तर नेमकं तिथेच असतं.

इथेही तसंच झालं. बाईंच्या पणजोबांना एक बहीण होती जी घरात कुणाला माहीत नव्हती, कारण ती लवकर विधवा झाली आणि दुसऱ्या लग्नाच्या नोंदीत पहिल्या नवऱ्याचं आडनाव लावून आली. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहायची पद्धत आहे, त्या रकान्यात बाप सापडला. चर्चच्या मूळ रजिस्टरचा फोटो उघडला तर खाली साक्षीदाराची सही, पणजोबांच्या स्वतःच्या लग्नाच्या पानावर होती तीच, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून डावीकडे वळवलेली. मी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो होतो. ती बहीण दोन अक्षरंवाल्या मॅचची आजी निघाली. इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींतली नावं टाइप करून केलेल्या यादीत, शोधून हे कधीच मिळालं नसतं, कारण टाइप करणाऱ्याने आडनावच चुकीचं वाचलं होतं. जुन्या इंग्रजी अक्षरात लागोपाठ दोन एस आले की पहिला एफसारखा लांब काढायचे, त्यामुळे रॉसचं रॉफ्स होतं. म्हणून इंडेक्सवर थांबू नका, फोटो उघडा, आणि अक्षर लागत नसेल तर त्याच कारकुनाने लिहिलेली महिन्यांची नावं शोधा, ती तुम्हाला माहीतच असतात, त्यावरून त्याचं एकेक अक्षर ओळखता येतं.

नोंद हातात आली की ही माहिती दिली कुणी ते विचारा. मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या आईचं नाव जावयाने सांगितलं असेल तर ते ऐकीव आहे, तारीख मात्र बहुधा बरोबर. वयावर विश्वास कमीच ठेवा, १८४१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांचं वय खाली पाचच्या पटीत उतरवायची सूचना होती, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. काही कागद आता नाहीतच. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचं काही आगीत जळालं, उरलेलं बहुतेक सगळं नंतर नष्ट केलं गेलं, डब्लिनचं नोंदींचं दप्तर १९२२ मध्ये जळालं. तिथे मग मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, जहाजाच्या प्रवासी याद्या, थडग्यांवरचे मजकूर असं आडून जावं लागतं. फॅमिलीसर्च या साइटवर यातलं पुष्कळ फुकट आहे, त्याच्या कॅटलॉगमध्ये ठिकाणाच्या नावाने शोधा, कारण तिथली बरीच पानं नावाच्या शोधात येत नाहीत.

दुसऱ्याची वंशावळ दिसली की कॉपी करायचा मोह होतो, करू नका. दहा जणांनी तेच लिहिलंय म्हणजे बऱ्याचदा एकाने चूक केली आणि नऊ जणांनी ती उचलली. माझा नियम असा की एक डीएनएचा पुरावा आणि एक वेगळा कागद, दोन्ही असल्याशिवाय नाव पक्कं लिहायचं नाही, तोवर पेन्सिलीने.

मॅचला मेसेज टाकाल तो छोटा ठेवा. कोणाची टेस्ट, किती सेंटीमॉर्गन, कोणती बाजू वाटते, आणि एकच प्रश्न, "तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं?" लांबलचक इतिहास पाठवला की लोक घाबरतात. उत्तर आठ महिन्यांनीही येतं. म्हणून प्रत्येक शोधाची तारीख आणि कुठे काय सापडलं नाही तेसुद्धा वहीत लिहून ठेवा, नाहीतर उत्तर येईल तेव्हा तुम्हालाच आठवणार नाही की त्या गावाचं कोणतं रजिस्टर बघायचं राहिलं होतं.