सोलारची वीज दुपारी, घरातला लोड संध्याकाळी: जुळवायचं कसं?

सोलापूरला उन्हाची काय कमी नाही, त्यात २०२४ पासून पीएम सूर्यघरची सबसिडी, ३ किलोवॅटला ७८ हजार, त्यामुळे गल्लोगल्ली पॅनल चढलेत. पण वीज तयार होते भर दुपारी, तेव्हा घरात चालू काय तर एक फ्रिज आन दोन फॅन, आणि संध्याकाळी सातला मोटर, कूलर, इस्त्री सगळं एकदम सुरू. जादा वीज महावितरणला गेलेली मोजणारं नेट मीटर आहे की, युनिट जमा होतातच, मग कशाला खटाटोप, असं लोक म्हणतात. पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो तेव्हा शिल्लक युनिटला दर किरकोळच मिळतो, आणि एकाच डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) बरीच सोलार घरं असली की दुपारी व्होल्टेज चढून सोलारचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) आपोआप बंद पडतो तो वेगळाच. बॅटरी नंतर बघू, आधी लोड सरकवा, म्हणजे संध्याकाळचा वापर दुपारी आणा.

सुरुवात ग्राफपासून. इन्व्हर्टरला वायफाय स्टिक असते, तिच्या ॲपमध्ये तासातासाची वीज दिसते, आणि स्मार्ट मीटर बसला असेल तर महावितरणच्या ॲपमध्ये वापर. दोन्ही शेजारी ठेवून बघा. १ किलोवॅटला सरासरी ४ युनिट दिवसाला धरा. मे महिन्यात एवढं ऊन असून आकडा पडला तर सोलारवाल्याशी भांडू नका, पॅनल २५ डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमीच होते.

आता मोटर, आपल्याकडचा खरा विषय. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, तेही कधी मध्यरात्री, त्यामुळे हौद भरायची वेळ आपल्या हातात नाही, पण हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायची वेळ तर आहे ना! ती दुपारी बाराला लावा. मोटर साध्या स्मार्ट प्लगवर (मोबाईलवरून चालू-बंद होणाऱ्या) लावू नका, सुरू होताना करंट कितीतरी पट ओढते, प्लग जळतो. इलेक्ट्रिशियनकडून कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा स्विच) आणि वायफाय टायमर बसवून घ्या, हौदात आणि टाकीत दोन्हीकडे पाण्याची पातळी ओळखणारा फ्लोट सेन्सर टाका, म्हणजे हौद रिकामा असताना मोटर कोरडी फिरणार नाही आणि वरून पाणीही वाहणार नाही.

गिझरला १६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग, ६ चा चालत नाही. दुपारी तीनला तापवून ठेवलं तर चांगल्या टाकीत रात्रीपर्यंत कोमट राहतं, सकाळच्या अंघोळीचं मात्र जमत नाही. वॉशिंग मशीनला डिले स्टार्ट असतोच. ज्वारी दळायची घरघंटी दुपारीच लावा, तिला तर ॲप पण नको. एसी असेल तर चार वाजता चालू करून खोली आधीच गार करून ठेवा, म्हणजे सातला कमी ओढतो.

घरी सोलार नसलं तरी स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या युनिटवर सवलत आहे, बिलात टीओडीची (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) ओळ शोधा, दिसली तर वरचं सगळं तुम्हालाही लागू. पॉवरलूमवाल्यांचं गणित वेगळं, तिथं शिफ्ट सरकवणं म्हणजे कामगारांशी बोलणं आलं, ते टायमरने होत नाही.

आणि एक, लाईट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलार पण बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं असतं. त्यामुळे दुपारी लाईट जाऊन आली की टायमरची वेळ तीच आहे ना एकदा बघून घ्या, स्वस्तातले टायमर घड्याळ विसरतात आणि मोटर रात्री दोनला सुरू होते.