कावीळ झालीय? मग कुठली, ते आधी विचारा

कोल्हापुरात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करून मला 24 वर्षं झाली. पावसाळा सुरू झाला की समोरच्या खुर्चीवर बसणारी माणसं एकच वाक्य बोलतात, “मॅडम, कावीळ झालीया.” पण कावीळ हे नुसतं लक्षण आहे. ती कशामुळं झाली, हा खरा प्रश्न.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला श्रावणात कावीळ झाली. वय 26. ताप, मळमळ, फोडणीचा वाससुद्धा नको. त्याआधी गुडघ्यासाठी तो आठवडाभर वेदनाशामक गोळ्या घेत होता. “परगावी गेला होतास का?” असं डॉक्टरांनी विचारलं, तो नाही म्हणाला. मग “गोळ्यांनी लिव्हर बिघडलंय” असं ठरलं आणि पुढची तपासणी झालीच नाही. घरचे त्याला कावीळ उतरवायला घेऊन गेले. नऊ दिवस असे गेले. मला कळलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्याची बायको सातव्या महिन्यात होती आणि त्याच नळाचं पाणी पीत होती.

हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूचा लिव्हरचा आजार, मला शंका त्याचीच होती. तरण्याताठ्या माणसाला तो सहसा दोन ते सहा आठवड्यांत आपोआप सोडून जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. म्हणून निदान करायचं ते नुसतं आजाऱ्यासाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठीही.

आधी डोळे बघा, पण ट्यूबलाईटखाली नको. सकाळी माणसाला दारात उजेडाकडं तोंड करून उभं करा, खालची पापणी बोटानं ओढा आणि वर बघायला सांगा. पांढऱ्या भागावर पिवळी झाक दिसते का? पाणी पिऊनही लघवी कोऱ्या चहासारखी होते का? शौचाचा रंग फिका पडलाय का, अंगाला खाज आहे का? यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा.

जाताना भिंतीवरचं कॅलेंडर आठवून जा. हिपॅटायटिस ई चा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुतेकदा पाच-सहा. त्यामुळं कालच्या भेळेला दोष देऊन उपयोग नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी नळाला गढूळ पाणी आलं होतं का? पाण्याला वास येत होता का? बोळात आणखी कुणाला कावीळ आहे का? बाहेरगावी गेलो नाही म्हणजे हा आजार नाही, असं होत नाही. 2012 साली इचलकरंजीत कावीळीची मोठी साथ आली, तेव्हा लोक आपापल्या घरचंच पाणी पीत होते. परदेशात डुकराचं नीट न शिजलेलं मांस खाऊनही याचा वेगळा प्रकार होतो. आपल्याकडं मुख्य वाट पाण्याचीच.

तपासण्या कोणत्या? नुसत्या ‘एलएफटी’वर, म्हणजे लिव्हरच्या साध्या रक्ततपासणीवर थांबू नका. त्यात बिलीरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कळतं. निरोगी माणसात चाळीसच्या आसपास असणारं एसजीपीटी हजाराच्या वर गेलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय. पण आकडा विषाणूचं नाव सांगत नाही. त्यासाठी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “आयजीएम अँटी-एचईव्ही करायची का?” ही हिपॅटायटिस ई च्या विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या ताज्या अँटीबॉडी शोधणारी तपासणी. सोबत हिपॅटायटिस ए ची आयजीएम, बी साठी एचबीएसएजी आणि सी ची तपासणी. पुराचं पाणी तुडवलं असेल तर तेही सांगा, लेप्टो म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापातही डोळे पिवळे होतात.

रिपोर्टवर आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग ताजा. नुसतं आयजीजी, म्हणजे नंतर बराच काळ टिकणारी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह असेल तर बहुधा जुना. अगदी सुरुवातीला आयजीएम निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून संशय असेल तर काही दिवसांनी परत करतात किंवा रक्तातला विषाणूच शोधणारी आरएनए पीसीआर करतात. किडनी बदललेल्या माणसात अँटीबॉडी नीट तयार होत नाहीत, तिथं पीसीआरच लागते. आणि टीबीची औषधं चालू असताना कावीळ झाली, तर लगेच डॉक्टरांना गाठा, पण सगळा दोष गोळ्यांवर टाकण्याआधी ई ची तपासणी करून घ्या. माझ्या भाच्याचं आयजीएम पॉझिटिव्हच आलं.

पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, विसरू नका. लिव्हर किती दमलंय ते त्यात दिसतं. माणूस दिवसा पेंगायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

कावीळ उतरवताना हात चुन्याच्या पाण्यात धुतात आणि पाणी पिवळं होतं, ते मी स्वतःच्या हातांवर करून बघितलं. मला कावीळ नव्हती. आधी हातावर चोळलेल्या सालीचा आणि चुन्याचा तो रंग.

हिपॅटायटिस ई वर साध्या रुग्णाला खास औषध लागत नाही. विश्रांती, पचेल ते घरचं जेवण, दारू पूर्ण बंद. स्वतःच्या मनानं पॅरासिटामॉल किंवा काढे नकोत. हळद बंद करायची गरज नाही. गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस मात्र खरंच टाळा.

रिपोर्ट हातात आला त्याच संध्याकाळी मी सूनबाईंच्या डॉक्टरांना फोन केला. तिचीही एलएफटी झाली, ती नॉर्मल आली, आणि पुढचे दोन महिने डोळे आणि लघवीवर लक्ष ठेवायचं ठरलं. घरात पाणी खळखळून उकळायला सुरुवात झाली. ताई विचारायची, “अगं, बुडबुडे आले की बंद करू?” मी म्हटलं, उसळी येऊन चांगलं मिनिटभर खदखदू दे, मग त्याच पातेल्यात झाकून गार कर, कच्च्या पाण्याच्या कळशीत ओतू नको. आरोग्य विभागाला कळवल्यावर माणसं आली, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली. क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होतं. आमच्या बोळाच्या टोकाच्या नळाला रंगच आला नाही. शोधलं तर गटारीतून गेलेल्या जुन्या लाईनचा सांधा गळत होता.

तुमच्याही बोळात एका महिन्यात दोन घरांत कावीळ निघाली, तर तिसऱ्याची वाट बघू नका, कळवा.