प्रोजेक्ट शेवटच्या आठवड्यातच का गंडतो? या चुका टाळा

इंदूरात सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसचे मोठाले कॅम्पस आहेत, त्यांच्याकडे मॅनेजरांची कमी नाही. हे लिहितोय ते विजय नगरकडे कुठल्यातरी कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर आठ-दहा पोरांची जी सॉफ्टवेअर कंपनी असते ना, तिच्यासाठी. तिथे मालकच क्लायंटशी बोलतो, तोच एस्टिमेट देतो आणि रात्री दहाला तोच विचारतो, "झालं का रे?" कोडिंग सगळ्यांना येतं हो, अडतं भलतीकडेच. उशीर होणार हे कोणालातरी दुसऱ्याच आठवड्यात कळलेलं असतं आणि सांगितलं जातं डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "नव्वद टक्के झालंय" यावर विश्वास ठेवणं. सोमवारी नव्वद, गुरुवारी नव्वद, पुढच्या सोमवारीही नव्वदच! पोरगा खोटं बोलत नसतो, त्याच्या लॅपटॉपवर खरंच चालतंय. म्हणून "झालं" कशाला म्हणायचं ते आधीच ठरवा: कोड दुसऱ्या कोणीतरी वाचला, मेन ब्रँचमध्ये (सगळ्यांच्या सामायिक मूळ कोडमध्ये) गेला, आणि स्टेजिंगवर (खऱ्यासारख्याच चाचणी सर्व्हरवर) टेस्टरने चालवून बघितला. यातलं एक जरी राहिलं तर झालं नाही, विषय संपला, टक्के-बिक्के नकोत. आणि उशीर होतोय म्हटल्यावर मालक सगळ्यांसमोर झापत असेल तर पुढच्या वेळी कोण कशाला तोंड उघडेल?

मग उशीर झाला की दोन फ्रेशर आणून बसवतात. आयबीएममध्ये ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने 1975 मध्येच लिहून ठेवलंय की लेट झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की तो अजून लेट होतो. हिशोब साधा आहे, 5 जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या 10 होतात आणि 10 जणांत थेट 45, शिवाय नवीन पोराला कोड समजावणार कोण, तर ज्याची आधीच वाट लागलीय तोच. अडकलाच असाल तर माणसं वाढवू नका, काम कापा. क्लायंटला फोन करून विचारा की पहिल्या रिलीजमध्ये कशाशिवाय चालेल. दोन आठवडे आधी विचारलं तर बहुतेक जण ऐकतात, आदल्या रात्री विचारलं तर शिव्याच खाव्या लागतात.

दोघांच्या कामाच्या मधली जागा, तिथे तर कोणीच बघत नाही. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं ते यामुळेच, लॉकहीड मार्टिनचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत देत होतं आणि नासावाले ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. नेव्हिगेशनवाल्यांना काहीतरी चुकतंय अशी शंका आधीच आली होती, पण ती रीतसर पुढे गेली नाही. आपल्याकडे मंगळ नसतो, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे कापून घेणारी सेवा) असतो. बरेच गेटवे रक्कम पैशांत मागतात, अ‍ॅपवाला रुपये समजून 499 पाठवतो, कस्टमरचे पाच रुपयेसुद्धा कटत नाहीत, आणि दोघंही म्हणतात "माझ्याकडे बरोबर आहे." असं ऐकू आलं की आपापला कोड उकरत बसू नका, दोघं एकाच मशीनवर बसा आणि लॉगमध्ये नेमकी रिक्वेस्ट काय जातेय ते वाचा. पुढच्या वेळी कोड लिहायच्या आधीच एक नमुना रिक्वेस्ट-रिस्पॉन्स, युनिट आणि तारखेचा फॉरमॅट, एवढं लिहून रेपोत (कोड ठेवायच्या सामायिक जागेत) टाका.

गिट या कोड सांभाळणाऱ्या टूलमधली आपली ब्रँच (कोडची वेगळी प्रत) तीन आठवडे वेगळी ठेवू नका, रोज मेन ओढून घ्या, नाहीतर मर्ज करताना (सगळ्यांचा कोड एकत्र जोडताना) रडाल. क्लायंटची व्हॉट्सअ‍ॅपवरची व्हॉइस नोट म्हणजे रिक्वायरमेंट नाही, तिचं तिकीट (कामाची लेखी नोंद) करा आणि "हेच म्हणताय ना?" असं लिहून परत पाठवा. स्टँडअप (रोजची उभ्या-उभ्याची मीटिंग) 15 मिनिटांचाच ठेवा, त्यात मालकाला हजेरी द्यायची नसते, कोण कुठे अडलंय ते एकमेकांना सांगायचं असतं.

आणि हे खास इंदूरवाल्यांसाठी, प्लॅन करताना कॅलेंडर बघत जा राव! रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीला रात्रभर झाँक्या (देखाव्यांची मिरवणूक), त्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कुत्रं फिरकत नाही, आणि अमेरिकेतल्या क्लायंटला यातलं काहीही माहीत नसतं. या तारखा पहिल्याच मेलमध्ये कळवा आणि रिलीज त्यांच्या निदान तीन दिवस आधी किंवा नंतर ठेवा.