कुत्र्याला फिरवताना घड्याळावर विसंबू नका : या चुका टाळा

आमची भुरी गावठी, चार वर्षांची. राहतो नेरूळला, त्यामुळे डोंगर आणि खाडी दोन्ही हाताशी. पहिलं वर्षभर मी तिला बाराही महिने त्याच वेळी, त्याच वाटेने नेत होतो. बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू झाले.

खाडीचंच घ्या. एकदा ओहोटी असताना पट्टा सोडला आणि बाईसाहेब बगळ्यामागे थेट चिखलात. पोटापर्यंत रुतली, ओढून काढताना मीही गुडघ्यापर्यंत. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, ढोबळ भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खाडीच्या चिखलात ओहोटी नको, पण समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच बरी. म्हणजे उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर सकाळी सहाला जायचं तर अष्टमी टाळा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा. तेव्हा सहाला ओहोटी असते. सोबत गोडं पाणी न्या, नाहीतर ती समुद्राचं पिते आणि घरी येऊन उलट्या-जुलाब. हिवाळ्यात ठाणे खाडीलगत पट्टा सोडूच नका. 2015 पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि चरणारा थवा एका भुंकण्याने उडतो.

ठाणेकरांची लाडकी चूक म्हणजे येऊर. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. पाळीव कुत्र्यांना तिथे नेता येत नाही. शिवाय बिबट्याला कुत्रा म्हणजे आयतं जेवण. उपवन तलावाशी फेरी मारा आणि परत फिरा.

उन्हाळ्यात (आणि ऑक्टोबरमध्येही, हे लोक विसरतात) संध्याकाळी पाचला पाम बीच रस्त्याच्या कडेने फिरवू नका. ऊन उतरलं तरी डांबर तापलेलंच असतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. नाही टेकवत, तर तिचे पंजेही नको. दाट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर लगेच सावलीत न्या, पोटावर नि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक डॉक्टर गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर अशा दिवसांत पहाटच बरी.

पावसाळ्यात खारघरच्या डोंगरउताराचा मोह होतो. होऊ द्या, पण डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, आणि तो आपल्यालाही होतो. कुत्र्याला लस दरवर्षी द्यावी लागते. ताप, उलट्या, खाणं सोडणं, डोळे पिवळे : उद्या बघू म्हणू नका.

पाऊस ओसरला की गवतातल्या गोचिडा. कानात, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली रोज चाचपा. आमच्या शेजारच्या काकांनी रॉकेल लावायला सांगितलं होतं, मी लावलंही. कातडी भाजली, गोचीड तशीच. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बास. त्यानंतर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा : ताप, मरगळ, नाकातून रक्त म्हणजे बहुधा गोचीडताप, आणि रक्ततपासणीशिवाय पर्याय नाही. भुरीला झाला होता. महिनाभर गोळ्या चालल्या, त्याही पेढ्यात लपवून.