लाइव्ह शो रेकॉर्ड करताय, दोन टेप शेजारी ठेवून ऐकताय? या चुका टाळा

फोक-रॉकच्या ऑडियन्स टेप, म्हणजे प्रेक्षकांत उभं राहून केलेली रेकॉर्डिंग, सगळ्यात जास्त खराब होतात त्या गेनमुळे (रेकॉर्डर माइकचा आवाज किती वाढवून घेतो ते), आणि त्याचं कारण या संगीतातच आहे. अमेरिकन गायक बॉब डिलनची १९६६ची टूर घ्या, पहिल्या भागात एकटा माणूस, अकूस्टिक गिटार आणि हार्मोनिका, मग मध्यंतर, आणि मग ड्रम्स-ऑर्गनसकट अख्खा इलेक्ट्रिक बँड. पहिल्या गाण्यावर लेव्हल लावून निर्धास्त बसलात तर दुसऱ्या भागात सगळं फाटणार. इंडियन ओशन किंवा रघु दीक्षित प्रोजेक्ट या आपल्याकडच्या बँडच्या शोला पण तसंच, नुसता गळा आणि गिटार असताना मीटर जेमतेम हलतो आणि बास-ड्रम्स आले की थेट शून्याला, म्हणजे मीटरच्या वरच्या हद्दीला, टेकतो. त्यामुळे २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात दणदणीत भागातही पीक (आवाजाची सर्वात उंच टोकं) मायनस १२ डेसिबलच्या आसपास राहतील एवढाच गेन द्या. रेकॉर्डिंग हळू वाटेल, वाटू दे, घरी वाढवता येतं, क्लिप झालेलं, म्हणजे हद्द ओलांडून फाटलेलं, मात्र परत येत नाही.

ऑटो गेन, म्हणजे रेकॉर्डरने स्वतःच लेव्हल कमी-जास्त करणं, बंद म्हणजे बंदच. तो चालू होता हे ऐकून लगेच कळतं, ड्रमचा ठोका पडला की गाणं मागे जातं मग हळूहळू पुढे येतं, आणि शांत कडव्यात शेजारच्यांच्या गप्पा गायकाएवढ्या मोठ्या होतात. फोनवर करत असाल तर गेन हाताने लावता येईल असं अ‍ॅप वापरा.

कधीकधी मीटर व्यवस्थित मायनस १२ दाखवतो तरी आवाज फाटलेला असतो. अशा वेळी वेव्हफॉर्म झूम करून बघा, शून्याच्या बऱ्याच खाली लाटांचे माथे सपाट कापलेले दिसले तर माइक किंवा त्याच्या पुढचा प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आधीच ओव्हरलोड झालाय आणि गेन कमी करून काही उपयोग नाही. छोट्या माइकला रेकॉर्डरकडून जी प्लग-इन पॉवर मिळते ती जेमतेम २-३ व्होल्टची, स्पीकरजवळचा बास तिला झेपत नाही. मधे माइकला जास्त पॉवर देणारा ९ व्होल्टचा बॅटरी बॉक्स घाला आणि रेकॉर्डरचं माइक-इन सोडून लाइन-इन (जास्त जोरदार सिग्नलसाठीचं सॉकेट) वापरा.

जागेबद्दल थोडक्यात: एका बाजूच्या स्पीकरखाली उभं राहू नका, मिक्सिंग कन्सोलच्या थोडं पुढे मधोमध थांबा. घुमणाऱ्या हॉलमध्ये कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक), मोकळ्या मैदानात ऑम्नी (चारी बाजूंचा आवाज घेणारा) चालतो पण वाऱ्यासाठी माइकवर केसाळ कव्हर हवंच. आणि बँडला आधी विचारा, मनापासून सांगतोय. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९८४मध्ये टेपर्ससाठी (शो रेकॉर्ड करणाऱ्या चाहत्यांसाठी) कन्सोलच्या मागे वेगळी जागाच दिली होती, अट एकच की टेप विकायच्या नाहीत, सगळे बँड तसे नसतात.

आता तुलना, इथे तर भले भले फसतात. एकाच शोच्या दोन टेप आहेत, एक ऐकली, दुसरी ऐकली, "दुसरी कसली भारी आहे!" आणि बघायला गेलं तर दुसरी फक्त २ डेसिबलने मोठी असते. आपल्या कानाला मोठा आवाज जास्त भरीव आणि स्वच्छ वाटतो, तो सगळ्यांनाच वाटतो, म्हणून आधी दोन्हींची लेव्हल सारखी करा, तोच ३० सेकंदांचा तुकडा निवडा आणि शक्य असेल तर कुठली टेप वाजतेय हे न बघता ऐका, फूबार२००० या कॉम्प्युटरवरच्या म्युझिक प्लेअरमध्ये त्यासाठी एबीएक्स (नाव लपवून तुलना करायचं) प्लगइन मिळतं. माझ्या मते लेव्हल न जुळवता दिलेल्या मताला काही किंमत नाही, मग देणारा कितीही जुना जाणकार असो.

दुसरं म्हणजे स्पीड. जुन्या कॅसेट डेकचा वेग ६ टक्क्यांनी जास्त असेल तर अख्खं गाणं अर्ध्या सुराने चढतं, आणि तीच टेप "जास्त एनर्जेटिक" म्हणून गाजते. गिटार वर-खाली लावलेली असू शकते, म्हणून ती धरून तपासू नका, हार्मोनिका किंवा कीबोर्ड धरा. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते, तिथे गाणं तुटलं की लोक दुसऱ्या टेपचा तुकडा जोडतात, तेव्हा तर आधी दोन्हींचा वेग जुळवायलाच हवा.

फाइल फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारा फॉरमॅट) आहे म्हणून ती अस्सल असं समजू नका. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) उघडा, १६ किलोहर्ट्झवर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ दिसली तर मधे कुठेतरी तिची एमपीथ्री झालीय, जिच्यात वरचा आवाज गाळला जातो. पण घाई करू नका, जुन्या कॅसेटमध्येही वरचा आवाज नसतो, फक्त तिथे तो हळूहळू विरत जातो.

शेवटी तारीख-ठिकाण. डिलनची १७ मे १९६६ची मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली टेप कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून फिरत राहिली. त्या टूरमध्ये गाण्यांची यादी रोज जवळजवळ तीच होती, त्यामुळे यादीवरून शो ओळखणं कठीण. अशा वेळी गाण्यांच्या मधल्या जागा ऐका, ट्यूनिंग, टाळ्या, कोण काय ओरडलं, मँचेस्टरच्या टेपमध्ये प्रेक्षकांतून आलेली "जूडास!" ही आरोळी आहे. म्हणून आपल्या रेकॉर्डिंगमधल्या या जागा "नुसता गोंगाट" म्हणून कापू नका, आणि तारीख, हॉल, माइक, रेकॉर्डर आणि फाइलवर काय काय केलंय हे एका टेक्स्ट फाइलमध्ये त्याच रात्री लिहून मूळ रेकॉर्डिंगसोबत ठेवा.